वाढव

“मग अजून किती वाढवू, तात्या?”

विचारलं आणि हातातला गठ्ठा फळीवर ठेवला. ठेवला म्हणजे, सुटलाच. धप्प असा आवाज झाला आणि त्या आवाजानं मीच दचकले.

बसवंततात्या पेन्सिलींची जुडी बांधत होते. जुडी तशीच हातात धरून त्यांनी आधी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हे काय?”

“कथा.”

“कुणाची?”

“माझीच. मागच्या महिन्यात दिली होती ती. तुम्ही वाचलीत की.”

“ती एवढी होती…” तात्यांनी पेन्सिलींची जुडी आडवी धरून जाडी दाखवली.

“वाढवली,” मी म्हणाले. “तुम्ही सांगितलंत तशी.”

“मी?…”

तात्यांनी जुडी खाली ठेवली.

तात्यांचं वह्यापुस्तकांचं दुकान आहे, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत. शटर नाही. सागवानी फळ्या आहेत. सकाळी एकेक काढायच्या, संध्याकाळी एकेक खाचेत सरकवायच्या. त्यातली एक फळी दिवसभर दोन दगडांवर आडवी टाकलेली असते. तिच्यावर बसणाऱ्यांना गावात फळीकर म्हणतात.

मोठ्या शहरांत साहित्याचे संघ असतात, सभागृहं असतात, व्यासपीठावर पाण्याचे तांबे असतात. आमच्या तालुक्यात फळी आहे. ज्याला लिहायची खोड लागते तो कधीतरी शनिवारी इथं येऊन बसतो, घसा खाकरतो आणि वाचतो. ऐकून तात्या ‘हं’ म्हणतात. त्या ‘हं’मध्ये फरक असतात. जुने फळीकर ते ओळखतात. मला अजून नीट ओळखता येत नाहीत, म्हणून प्रत्येक ‘हं’ला मी इतरांच्या तोंडाकडे बघते.

फळीचा दिवाळी अंक निघतो. नाव ‘उंबर’. संपादक तात्या, मुद्रितं तपासणारे तात्या, पुण्याकोल्हापूरला पार्सलं पाठवणारेही तात्याच. यंदा त्यांनी एका कथेची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. माझी पहिली कथा. आणि अंक दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात जाणार होता.

म्हणून मी धापा टाकत आले होते. मला वाटलं होतं, गठ्ठा बघून तात्या म्हणतील, कष्ट केलेस गं पोरी.

तात्या म्हणाले, “मास्तर, हे बघितलासा?”

नदाफ मास्तर फळीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. हायस्कूलातून निवृत्त झालेत आणि गझला लिहितात. त्यांच्या प्रत्येक गझलेत कुणाचे तरी डोळे असतात. ‘मास्तर, ह्या डोळ्यांच्या चष्म्याचा नंबर किती ओ?’ असं तात्या त्यांना दर शनिवारी विचारतात, आणि मास्तर दर शनिवारी नव्यानं चिडतात.

“बघितलं की,” मास्तर म्हणाले. “माझ्या बाजूची फळी वर उचललीय.”

मला हसू आलं नाही. मी ओढणीचं टोक पिळत होते.

“वैजू, बस,” तात्या म्हणाले. “घाबरू नगंस. काय काय घातलंस ह्यात?”

हे विचारल्यावर मला जरा बरं वाटलं. मी बसले. ओढणीनं कपाळ पुसलं आणि सांगायला लागले.

“काचेच्या बांगड्यांचा सगळा इतिहास घातला. कॉलेजच्या लायब्ररीतून संदर्भ काढले. भट्ट्या कुठे असतात, रंग कसा चढवतात… मग बाबांचं लहानपण. मग जत्रेचं वर्णन. ते खूप सविस्तर झालंय, पाळणेवाला, खेळणीवाला, सगळे आलेत. मग एका गिऱ्हाईक बाईचं उपकथानक.”

“उप… काय?”

“उपकथानक.”

“बरं.”

“आणि स्वप्न आहे.”

“एक?”

“…दोन.”

मास्तर पुढे वाकले. “दुसरं कशापायी?”

“पहिलं नीट जमलं नव्हतं.”

गल्लीतून एक बाई शेळी ओढत नेत होती. शेळी गठ्ठ्याकडे आशेनं बघून गेली.

“छान हाय,” तात्या शांतपणे म्हणाले. “पण मला एक सांग. एवढं सगळं वाढव म्हणून तुला कोण म्हटलं?”

“तुम्हीच!”

माझा आवाज चिरकला. मी पिशवीतून जुनी प्रत काढली. तात्यांनी वाचून परत दिली होती ती, मोजकी काही पानं. शेवटाच्या जरा आधीचं एक पान काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

“हे बघा. तुमच्या हातचं. पेन्सिलीनं.”

समासात, एका ओळीच्या शेजारी, तात्यांच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द होता.

वाढव.

तात्यांनी खिशातून चष्मा काढला. काच सदऱ्याला पुसली. चष्मा लावला. पान जवळ धरलं, लांब धरलं, पुन्हा जवळ धरलं.

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत की काय. मी उठून उभीच राहिले. मास्तरांनी मान लांब करून पानावर नजर टाकली, आणि त्यांच्या तोंडातून चहा बाहेर आला.

“या अल्ला… आणि ही कासाराची पोर!”

“काय झालं?” मी विचारलं. “काय चुकलं? तात्या, काय चुकलं?”

“काही न्हाई,” तात्या म्हणाले. चष्म्याखालून डोळे पुसले. “मास्तरांना ठसका लागलाय. तू वाच.”

“काय?”

“गोष्ट. वाच आम्हांस्नी.”

“ही सगळी?”

“नगं, नगं!” मास्तर घाईनं म्हणाले. “मला नमाजाला जायचंय.”

“जुनी वाच,” तात्या म्हणाले. “पयल्या ओळीपासनं.”

मी पुन्हा बसले, पानं हातात घेतली. फळीवर वाचायची माझी ती पहिलीच वेळ. आजवर मी ऐकायलाच बसत आले होते. कुणी ‘तुझं काय?’ म्हटलं की ‘पुढच्या शनिवारी’ म्हणायचे. आता पळायला जागा नव्हती. पानं मांडीवर ठेवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली.

वाचायला लागले.

“‘माझ्या वडिलांना गावातल्या बायका तोंडावरून कमी आणि मनगटावरून जास्त ओळखू यायच्या. एखादी दुकानाची पायरी चढली की तिच्या हाताकडे बघूनच ते मापाची बांगडी काढायला वळत. हात घट्ट असला की बाई घाबरून मूठ आवळायची. वडील म्हणत, हात सैल सोड. मग तिच्या माहेरची चौकशी करत. माहेराचं बोलता बोलता हात आपोआप सैल व्हायचा आणि बांगडी केव्हा चढली ते कळायचंही नाही.’”

“हं,” तात्या म्हणाले.

हा ‘हं’ बरा होता बहुतेक. मी पुढे गेले.

“‘कधी एखादी बांगडी चढवताना तडकायची. बाई दचकून म्हणायची, अगंबाई, फुटली. वडील लगेच तिला थांबवत. म्हणत, बांगडी फुटली म्हणू नये, वहिनी. वाढली म्हणा…’”

माझी जीभ अडकली.

वाढली म्हणा…

मी ती ओळ पुन्हा वाचली. मनात.

मान वर केली. तात्या एका पेन्सिलीला टोक काढत होते, जी आधीच टोकदार होती. मास्तर समोरच्या भिंतीवरचं काहीतरी अगदी लक्षपूर्वक वाचत होते. त्या भिंतीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

“तात्या…”

“हं.”

“हे ‘वाढव’ म्हणजे…”

“फुडं वाच.”

माझे कान तापले. एक महिना… एक आख्खा महिना मी कॉलेजच्या लायब्ररीत भट्ट्यांची तापमानं उतरवून घेत होते. मी. जिच्या घरात कुणी ‘फुटली’ म्हटलं तर चहा मिळत नसे. एम.ए.ला भाषाविज्ञानाच्या पेपरात प्रश्न आला होता, अशुभ टाळण्यासाठी भाषा उलटं कसं बोलते ते सोदाहरण स्पष्ट करा. मी उदाहरणं दिली होती. दिवा वाढवणे. कुंकू वाढवणे. दुकान वाढवणे. पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

आणि दर शनिवारी, दिवेलागणीला, ह्याच फळीवरून उठताना तात्या म्हणतात, चला, दुकान वाढवू. आम्ही उठतो. एकदाही मला वाटलं नव्हतं की तात्या आता दुकानाला मागे दोन खोल्या काढणार आहेत.

“मी मूर्ख आहे,” मी म्हणाले.

“तू न्हाईस,” मास्तर म्हणाले. हसू आवरून आवरून त्यांचा चेहरा लाल झाला होता. “चूक ह्यांची हाय. तात्या, सरळ ‘थांब’ म्हणून लिवायला काय झालं होतं तुम्हांला?”

तात्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू मास्तरांनी काहीतरी वाईट शब्द उच्चारलाय.

“दुसऱ्याच्या गोष्टीवर ‘थांब’ कसं लिवायचं ओ? हात तरी उठंल का?”

“वाच,” तात्या मला म्हणाले. “अजून आलं न्हाई ते.”

मी वाचत गेले. वडिलांची पत्र्याची पेटी. तिच्यातले कप्पे. आई पेटी भरायला बसायची तेव्हा दोघांची चालणारी भांडणं, की हिरव्या वर ठेवायच्या का लाल. हळूहळू माझा आवाज माझाच वाटायला लागला. मास्तर हसायचे थांबले होते. तात्यांनी पेन्सिल खाली ठेवली होती.

मग तो परिच्छेद आला.

“‘त्या दिवशी वडील काळम्माच्या जत्रेला निघाले. आईनं पेटीला काथ्या आवळून दिला. उंबऱ्यावर थांबून वडील चपलेचा अंगठा नीट करत होते. मग पेटी खांद्यावर घेतली. मागे न वळता म्हणाले, मापाच्या बांगड्या खालच्या खणात ठेवल्यात. येतो गं.’”

ह्याच ओळीशेजारी पेन्सिलीचा तो शब्द होता.

मी पान उलटायला हात घातला.

तात्यांचा पंजा पानावर पडला. अलगदच पडला, पण मी दचकले.

“हितं,” ते म्हणाले.

“पण तात्या, खरी गोष्ट तर इथून पुढे आहे.”

“व्हय?”

“म्हणजे काय! पुढे फोन येतो. एस.टी.तच छातीत दुखायला लागलं ते. मग दवाखाना. मग त्यांना घरी आणलं ते… मग आईचं. तुम्ही वाचलंयत ना?”

“वाचलंय.”

“वाईट लिहिलंय?”

“न्हाई. चांगलं लिवलंस.”

“मग?…”

तात्यांनी हात काढला नाही. गल्लीच्या तोंडाशी एस.टी.चा हॉर्न वाजला, आणि मी पुन्हा दचकले. मास्तरांनी न बोलता चहाचा ग्लास माझ्याकडे सरकवला. त्यात चहा उरला नव्हता, पण ग्लास कोमट होता. तो मी दोन्ही हातांत धरला.

“आईला वाचून दाखवलंस?” तात्यांनी विचारलं.

“…नाही.”

“का?”

मी ग्लासात बघत राहिले.

वडिलांच्या नंतर आई दुकानात बसते. आत्यानं तिच्या बांगड्या वाढवल्या त्या दुकानाच्याच पायरीवर. काचा मी वेचल्या. दोन आठवड्यांनी आईनं दुकान उघडलं. तेव्हापासून ती रिकाम्या हातांनी दुसऱ्यांचे हात भरते. सुरुवातीला काही बायका आल्या नाहीत. आईनं काही म्हटलं नाही. काचेची कपाटं पुसत बसायची. मग एकेक यायला लागल्या. हे सगळं मी शेवटच्या पानांत लिहिलं होतं. काचा कशा उडाल्या, तेही. आईच्या तोंडून कसा आवाज आला, तेही.

महिनाभर आई विचारत होती. ‘वैजू, वाचून दाखव की गं. माझं नाव घातलंस का त्यात? सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय मी, माझ्या पोरीचं छापून येणार म्हणून.’

मी म्हणायचे, अजून झालं नाही आई, अजून वाढवायचंय.

एकदा ती वैतागून म्हणालीही होती, ‘मग वाढव की बाई एकदाची!’

आणि मी जाऊन दुसरं स्वप्न लिहिलं.

खरं सांगायचं तर, वाढवत होते तोवर दाखवायची वेळ येत नव्हती.

हे सगळं मी तात्यांना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “त्यात तिच्या बांगड्यांचं आहे.”

“हं,” तात्या म्हणाले.

हा ‘हं’ मला कळला.

“पण ते खरं आहे, तात्या!” मी म्हणाले. आवाज जरा मोठाच झाला. समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवून बघितलं. “ते गेले, हे खरं आहे. आईचं झालं ते खरं आहे. मी बघितलंय. ते सोडून दिलं तर मी खोटं लिहिल्यासारखं होईल. भिऊन लिहिल्यासारखं होईल.”

तात्यांनी मान हलवली. नाही म्हणून नाही. ऐकतोय म्हणून.

“तुझ्या बाबानं जाताना काय म्हटलं?”

“येतो गं.”

“खरंच म्हटलं? का तू घातलंस?”

“खरंच म्हटलं. मी दात घासत होते. मी ऐकलं.”

“मग हेबी खरंच हाय की.”

मास्तर हळूच म्हणाले, “तात्या, पोरगीचं बरोबर हाय पण. वाचणाऱ्याला अर्ध्यात सोडल्यासारखं वाटंल. काय झालं, काय झालं, करत बसंल तो.”

“बसू दे की. तुमच्या गझलेतल्या डोळ्यांचं फुडं काय झालं, ते तरी कुठं कळतंय आम्हांस्नी?”

“तात्या, डोळ्यांवर जायचं न्हाई!”

“बरं ऱ्हायलं.”

मी त्या पानाकडे बघत होते. ‘येतो गं.’ त्याच्या खाली तात्यांची बोटं. बोटांखाली पुढचं पान, आणि त्या पानावर फोन वाजायचा होता.

“मग… इथंच संपवू?” मी विचारलं.

तात्यांच्या कपाळाला आठी पडली. इतका वेळ ते रागावले नव्हते. गठ्ठ्यावर नाही, स्वप्नांवर नाही, उपकथानकावरही नाही. आता रागावले.

“संपव कोण म्हटलं तुला?”

“…तुम्ही.”

“मी वाढव म्हटलं.”

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हुश्श करत. गल्लीतले दिवे लागले होते. आत जाऊन त्यांनी देव्हाऱ्यातल्या दिव्याकडे बघून हात जोडले, गल्ल्याचं फडकं झाडलं, आणि रोजच्यासारखं म्हणाले,

“चला मास्तर. दुकान वाढवू.”

मास्तर उठले. मीही उठले. फळ्या भिंतीशी ओळीनं उभ्या होत्या. त्यांच्यावर तात्यांच्या वडिलांनी रंगानं आकडे घातलेत, चुकू नये म्हणून. आकडे कधीच पुसट झालेत, पण तात्यांना लागत नाहीत. पहिली खाचेत गेली, खाड्कन आवाज झाला. मी दचकले. दुसरी गेली, मी दचकले. तिसरीला मास्तर म्हणाले, “अगं, किती दचकशील! आता सांगून लावू का एकेक?”

“सवय आहे, मास्तर.”

“बाबाबी असाच होता हिचा,” तात्या आतून म्हणाले. “फटाका वाजला की गल्लाच लावून घ्यायचा.”

मला हे माहीत नव्हतं.

मी हातातली पानं घट्ट धरली.

बसायची फळी तेवढी राहिली. ती शेवटी लागते. मास्तरांनी गठ्ठा उचलून मला दिला आणि फळी उभी केली. तात्या एका हातात छापखान्याची कापडी पिशवी घेऊन बाहेर आले. दुसरा हात त्यांनी माझ्यापुढे केला.

“आण.”

मी पानं पुढे केली. पण सोडता येईनात. माझी बोटं सुटतच नव्हती. तात्यांनी ओढली नाहीत. तसाच हात पसरून उभे राहिले. पिशवी दुसऱ्या हाताशी हलत होती.

“आईची तब्येत बरी हाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“गुडघा दुखत होता तिचा.”

“आता बरा आहे. तेल लावते.”

“कुठलं? त्या स्टँडवरच्या वैदूचं?”

“नाही हो, मामानं गावाकडनं पाठवलंय, निर्गुडीचं. आई म्हणते त्यानंच बरं वाटतं, पण तुम्हांला सांगते तात्या, मालिश मीच करते म्हणून…”

“हात सैल सोड,” तात्या म्हणाले.

मी खाली बघितलं. पानं त्यांच्या हातात होती.

ते माझ्या बाबांचं वाक्य होतं. मीच मघाशी वाचलेलं.

तात्यांनी पानं वेगळी केली. ‘येतो गं’पर्यंतची पिशवीत घातली, इतरांच्या कवितांच्या आणि लेखांच्या मध्ये, नीट. उरलेली परत माझ्या हातात दिली. फोन, दवाखाना, पायरी, काचा.

“ही तुझी,” ते म्हणाले. “टाकू नगंस. फाडू नगंस. ट्रंकेत ठेव.”

“आणि हे?” मास्तरांनी माझ्या काखेतल्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

“त्यात दोनतीन गोष्टी असतील. ती गिऱ्हाईक बाई बरी वाटतीय. फुडच्या साली बघू.”

“आणि स्वप्नं?”

“स्वप्नं तुम्हांला. गझलेत खपतील.”

“तात्या!”

मी हसले. इतक्या वेळात पहिल्यांदा. हसता हसता नाक गळायला लागलं, म्हणून ओढणीनं पुसलं. दोघंही दुसरीकडे बघत राहिले.

शेवटची फळी तात्यांनी मला लावायला दिली. आजवर ती फळीकरांपैकी कुणालाच मिळाली नव्हती, असं मास्तर नंतर सगळ्यांना सांगत सुटले. खरं असेल, नसेल. जड होती. मी खाच शोधली, सरकवली. खाड्कन आवाज झाला.

दचकले नाही. किंवा थोडीशीच.

घरी जायची घाई झाली होती. आई दुकान वाढवून चहा टाकत असेल. काखेतल्या गठ्ठ्यात ती आधीची पानंही होतीच; आज तिला वाचून दाखवता येणार होतं. तिची भांडणं येणार होती त्यात, हिरव्या वर का लाल वर, ती म्हणणार होती, ‘मी असं कुठं म्हटलं गं, तेच म्हणाले होते.’ आणि मग उंबरा येणार होता, चपलेचा अंगठा, आणि… मग मी थांबणार होते. मग ती काय करेल, मला माहीत नव्हतं. तरी पाय निघाले होते.

“जाते, तात्या.”

उत्तर आलं नाही.

मी वळून बघितलं. तात्या कुलूप हातात धरून उभे होते, ते तसेच. मास्तर सायकलीचं स्टँड काढत होते, ते तसेच वाकलेले. दोघंही माझ्याकडे बघत होते, मी अजून बोललेच नसल्यासारखे.

मी जीभ चावली.

“येते, तात्या.”

“हां,” तात्या म्हणाले. “ये.”

मास्तरांनी सायकलीचं स्टँड काढलं. तात्यांनी कुलूप कडीत घातलं. जग पुन्हा चालू झालं.

मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. गठ्ठा काखेत, ती पानं हातात. आणि थांबले. माझ्या मनाला काहीतरी लागून राहिलं होतं, एक बारीक काच. परत आले. जवळजवळ धावतच.

“तात्या, एक राहिलं.”

ते पाठमोरे होते. किल्ली फिरवत होते. तात्यांचं कुलूप जुनं आहे, हट्टी आहे.

“वाचणाऱ्याला कळायचं कसं?” मी विचारलं. “बाबा परत आले नाहीत, ते?”

किल्ली फिरली. तात्यांनी कुलूप एकदा ओढून बघितलं. आणखी एकदा ओढून बघितलं.

मग म्हणाले,

“आत्ता तू ‘येते’ म्हणालीस… आम्हांस्नी कळलंच की. इचारलं काय, कवा?”